काटेरी कुंडी फेकू नका, तिची जागा बदला



बालभारतीच्या सातवीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच पाठ सजीवांच्या अनुकूलनाचा आहे. त्यात वाळवंटी वनस्पती आल्या की निवडुंग येतोच. पानांचे काटे झाले, खोड मांसल झाले, हिरव्या खोडातच अन्न तयार होते, एवढे मुले पाठ करतात आणि पेपरात बरोबर लिहितात. मग वर्गात विचारून बघा, "घरी कुणाकडे निवडुंग आहे का रे?" आमच्या सोनईसारख्या गावातसुद्धा मोजकेच हात वर होतात. बाकीच्यांची उत्तरे ठरलेली असतात. "होता मॅडम, पण आजीने टाकायला लावला." "काटेरी झाड घरात चालत नाही म्हणे." "बारक्या भावाला टोचेल म्हणून पप्पांनी ओढ्यात फेकला."

म्हणजे पुस्तकात निवडुंग, फळ्यावर निवडुंग, आणि घरात मात्र त्याला बंदी. मला हे पटत नाही. माझे मत स्पष्ट सांगते. फुले येणारी काटेरी झाडे प्रत्येक अंगणात, गच्चीवर आणि शाळेच्या आवारात असावीत. मुलांपासून लपवून ठेवू नयेत. फक्त ती कुठे ठेवायची आणि कुठली ठेवायची नाहीत, हे मोठ्या माणसांनी नीट ठरवावे. आज त्याबद्दलच लिहिते आहे.

आधी अशुभाचा प्रश्न, कारण पालकसभेत सगळ्यात आधी तोच निघतो. कुणाच्या श्रद्धेची चेष्टा करायची नाही. पण आपल्याच घरात जरा डोकावून बघू. महादेवाला वाहतो त्या बेलाला चांगले लांब काटे असतात. लिंबाला असतात. देवापुढच्या गुलाबाला असतात. दाराच्या चौकटीला दृष्ट लागू नये म्हणून आपण जी कोरफड उलटी टांगतो, तिच्या पानांची कड काट्यांचीच असते. पुण्यात नाना पेठेत तुकोबांची पालखी जिथे मुक्कामाला असते, त्या विठोबाचे नावच निवडुंग्या विठोबा! आणि सगळ्यात गंमत ब्रह्मकमळाची. ज्या रात्री ते उमलणार त्या रात्री शेजारीपाजारी जमतात, हळदकुंकू वाहतात, कुणी आरतीही करते. आपल्या कुंड्यांमधले हे ब्रह्मकमळ म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडून आलेला निवडुंगाच्या कुळातला एक प्रकार. हिमालयातले खरे ब्रह्मकमळ अगदी वेगळे झाड आहे. तेव्हा एका निवडुंगाची आरती आणि दुसऱ्याला उकिरडा, हा हिशोब काही जुळत नाही. ड्रॅगन फ्रूट हाही निवडुंगच. आपल्या जिल्ह्यात सिमेंटच्या खांबांवर त्याच्या बागा उभ्या राहिल्या, तेव्हा काटे आहेत म्हणून कुणी बाग मोडली नाही.

ज्यांच्या मनात तरीही शंका राहते त्यांना माझा सल्ला साधा आहे. मुख्य दारासमोर ठेवू नका. येण्याजाण्याच्या वाटेवर काटेरी झाड नसावे हे तसेही बरोबरच आहे, पदर अडकतो, मुलांच्या पायाला लागते. कुंपणाच्या भिंतीवर ठेवा, गच्चीच्या कडेला ठेवा. आजीचाही मान राहील आणि झाडही राहील.

आता लहान मुलांच्या भीतीचा मुद्दा. हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण इथे आपण चुकीच्या गोष्टीला घाबरतो आहोत.

आपल्या गावापासून शनिशिंगणापूर चार पावलांवर. शनिदेवाला आणि मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात. शनिवार आला की घरोघरी मुलेच रुईची पाने तोडायला जातात. रुईला एकही काटा नाही. पण तिचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याच्या बुबुळाला गंभीर इजा होऊ शकते. शाळांच्या कुंपणाला लावलेली कण्हेर बघा. काटा नाही, फुले सुरेख, आणि झाड सगळेच्या सगळे विषारी. सध्या नर्सरीत 'डेझर्ट रोज' म्हणून महागात मिळणारे अडेनियम त्याच कण्हेरीच्या कुळातले, त्याचा रसही विषारी. या झाडांपासून मुलांना कुणी लांब ठेवत नाही, कारण ती दिसायला साधी आहेत. काटेरी झाड निदान लांबून सांगते की बाबा, हात लावू नकोस. एकदा बोट टोचलेले मूल पुन्हा तिथे हात घालत नाही. चिकाचे तसे नाही. तो लागला हे कळायलाच वेळ जातो, तोवर मुलाने डोळे चोळलेले असतात.

म्हणून काटेरी झाडांतही मी दोन गट करते. एक खऱ्या निवडुंगाचा आणि दुसरा युफोर्बियाचा. दोन्ही जाड, दोन्ही काटेरी, त्यामुळे आपण दोघांनाही निवडुंगच म्हणतो. आपल्या डोंगरांवरचा, बांधावरचा साबर किंवा तीनधारी हा युफोर्बिया. फड्या निवडुंग, ड्रॅगन फ्रूट आणि नर्सरीतले चेंडूसारखे गोल गोल प्रकार हे खरे निवडुंग, आणि ते मूळचे अमेरिका खंडातले. ओळखायचे कसे? खऱ्या निवडुंगाच्या अंगावर लोकरीसारख्या बारीक बारीक गाद्या असतात आणि काटे त्या गादीतून झुबक्याने निघतात. कळी आणि फूलही तिथूनच येते. युफोर्बियाला अशी गादी नसते, आणि जरा खरचटले की पांढरा चीक वाहतो. सातवीच्या मुलांना भिंग देऊन हा फरक शोधायला लावा. अर्धा तास वर्ग शांत राहतो, हे माझ्या अनुभवाचे!

तिथून पुढे काट्यांचाच एक सुंदर पाठ होतो. काटा दिसायला एकच, पण झाडागणिक तो वेगळ्या अवयवापासून झालेला असतो. निवडुंगाचा काटा म्हणजे रूप बदललेले पान. लिंबाचा, बेलाचा आणि बोगनवेलीचा काटा हा पानाच्या बगलेतल्या अंकुराचा, म्हणजे खरे तर फांदीचा. बोरीचा आणि बाभळीचा काटा पानाच्या देठाशी जोडीने येतो, तो उपपर्णांचा. गुलाबाचा काटा नुसता सालीवरचा, अंगठ्याने बाजूला दाबला तर सहज निखळतो. आपली मुले बाभळी-बोरींच्या रानात वाढतात. काटा काढायला एकमेकांना मदत करतात. त्यांना हे सगळे हाताने दाखवता येते, त्यासाठी मोबाईलवर व्हिडिओ लावायची गरज नाही.

आता माझ्या आवडत्या झाडाविषयी. नर्सरीत नुसते 'युफोर्बिया' म्हणून मिळते ते. बोटाएवढे जाड करडे खोड, त्यावर चहूबाजूंनी काटे, शेंड्याला थोडी पाने, आणि लाल, गुलाबी, पिवळ्या, पांढऱ्या फुलांचे झुबके. हे मूळचे मादागास्कर बेटावरचे. त्या बाजूच्या बूर्बों बेटाचे, म्हणजे आजच्या रियुनियनचे, फ्रेंच गव्हर्नर बॅरन मिलियस यांनी १८२१ मध्ये ते फ्रान्सला नेले. त्यांच्या नावावरूनच शास्त्रीय नाव पडले युफोर्बिया मिली. येशूच्या काट्यांच्या मुकुटाशी नाते जोडून इंग्रजीत याला 'क्राउन ऑफ थॉर्न्स' म्हणतात. थायलंडमध्ये तर हेच झाड भाग्याचे मानतात. चिनी परंपरेतल्या आठ अमर विभूतींवरून तिथे त्याचे नाव 'पोयसियान' आहे आणि एका झुबक्यात आठ फुले आली की घराचे भाग्य उजळते असे समजतात. मोठ्या फुलांच्या ज्या जाती आज आपल्याकडे येतात, त्यांतल्या पुष्कळ तिथल्याच लोकांच्या हौसेतून तयार झाल्या. एकाच झाडाला एका देशात दारात मान आणि दुसऱ्या देशात दाराबाहेर हाकलणे! वास्तूच्या प्रश्नावर मी पालकांना हीच गोष्ट सांगते, आणि बहुतेक जण हसून विषय सोडतात.

या झाडाच्या फुलात आणखी एक धडा दडलेला आहे. आपल्याला ज्या दोन रंगीत पाकळ्या दिसतात त्या पाकळ्या नाहीत, ती रंगीत पाने आहेत. खरी फुले मधोमध असतात, अगदी बारीक. म्हणूनच हा रंग आठवडेच्या आठवडे टिकतो. बोगनवेलीतही तसेच. आणि याचे काटे कुठून आले माहीत आहे? उपपर्णांपासून. म्हणजे मादागास्करच्या युफोर्बियाचा काटा आणि आपल्या बांधावरच्या बाभळीचा काटा एकाच अवयवाचे. निवडुंगाच्या काट्याशी त्याचे काही नाते नाही. मुलांना हे कळते तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

हे झाड लावायचे कसे, यावर सोनईकरांना वेगळे सांगायला हवे. आपली माती काळी. उसाला, गव्हाला, कांद्याला ती सोन्यासारखी, पण कुंडीतल्या निवडुंगाला ती मारते. पाणी धरून ठेवते, ओली असताना चिखल आणि वाळली की दगड. मुळांना हवा मिळत नाही आणि झाड बुडातून सडते. "आमच्याकडे निवडुंगसुद्धा जगत नाही" असे म्हणणाऱ्या घरी बहुतेक वेळा शेतातली काळी माती आणि रोजचे तांब्याभर पाणी, हीच जोडी सापडते. माझे मिश्रण असे असते: एक भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग विटांचे बारीक तुकडे किंवा चाळलेला मुरूम, आणि अर्धा भाग पूर्ण कुजलेले शेणखत. वाटल्यास मूठभर निंबोळी पेंड. कुंडी मातीची असेल तर उत्तम. खालचे भोक मोकळे पाहिजे, त्यावर खापरीचा तुकडा आडवा ठेवावा. फुटका माठ, जुने घमेले, तेलाचा डबा, काहीही चालते, पण भोक पाडल्याशिवाय नाही. नर्सरीतल्या बिनभोकाच्या चिनी मातीच्या छोट्या कुंड्या दिसायला छान, पण झाडासाठी त्या विहिरीच!

पाणी हा दुसरा मुद्दा. अगरबत्तीची जळून उरलेली काडी कुंडीत बोटभर खोल खुपसा. माती चिकटून आली तर पाणी नाही. कोरडी आली तर कुंडीच्या भोकातून वाहीपर्यंत द्या आणि पुन्हा काडी कोरडी येईपर्यंत विसरून जा. एप्रिल-मे मध्ये युफोर्बियाला तीन-चार दिवसांनी लागते, गोल निवडुंगांना आठ-दहा दिवसांनी पुरते. डिसेंबर-जानेवारीत निवडुंगांचे पाणी जवळजवळ बंदच ठेवावे. हा विसावा मिळाला तर उन्हाळ्यात कळ्या धरायची शक्यता वाढते. आपला भाग पर्जन्यछायेचा, त्यामुळे वर्षातले बरेच महिने ही झाडे इथे आनंदात असतात. मुळा धरणाच्या पाण्याने शेती हिरवी झाली, पण घरच्या बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड आहे. कुंडीच्या कडेला पांढरी पुटे चढतात ती क्षारांची. पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारे पाणी पिंपात साठवून तेच अधूनमधून द्यावे. मात्र कुंड्या पागोळ्यांखाली ठेवू नका. सततच्या धारेने जेवढी झाडे सडतात तेवढी उन्हाने कधीच करपत नाहीत.

ऊन मात्र भरपूर पाहिजे. दिवसाला चार-पाच तास तरी थेट ऊन नसेल तर युफोर्बिया नुसता लांबत जातो, फूल देत नाही. नर्सरीच्या हिरव्या जाळीखालून आणलेले झाड लगेच एप्रिलच्या उन्हात ठेवले तर त्यावर पांढुरके डाग पडतात, ते भाजल्याचे असतात. आठ-पंधरा दिवस हळूहळू सवय लावावी. पांढरा कापूस लागल्यासारखे दिसले तर ते पिठ्या ढेकूण. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढावेत. घरात लहान मुले असताना जहाल औषध फवारायची गरज नाही.

मांडणीबद्दल माझी मते जरा कडक आहेत, ऐकून घ्या. टोकदार आणि उंच झाड मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर कधीच ठेवू नये. एकतर ते जमिनीवर भिंतीच्या आत असावे, नाहीतर मोठ्या माणसाच्या खांद्याच्या वर. खिडकीत, जिन्यात, झोपाळ्याजवळ आणि सायकली लावतो तिथे अजिबात नको. भिंतीच्या कठड्यावर ठेवाल तर विटांची एक ओळ समोर रचा, म्हणजे मांजराच्या धक्क्याने कुंडी खाली येणार नाही. मागे उंच, पुढे बुटकी अशी रांग लावावी आणि सगळ्या कुंड्यांवर बारीक खडीचा थर द्यावा. दिसतेही छान आणि खोडाचे बूड कोरडे राहते. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरते. तिकडे गेलात तर निवडुंगांच्या मांडणीकडे मुद्दाम बघा. पसारा नसतो, प्रत्येक झाडाला मोकळी जागा असते. शाळेत आपण आणखी एक करू शकतो. आइस्क्रीमच्या काडीवर मुलांच्या अक्षरात झाडाचे नाव, मूळ देश आणि काटा कशापासून झाला ते लिहून कुंडीत खोचायचे. वाचता वाचता हात आपोआप मागे राहतो.

काय घेऊ नये तेही सांगते. सशाच्या कानांसारखा दिसणारा, अंगावर पिवळे किंवा पांढरे मखमली ठिपके असलेला छोटा निवडुंग सगळ्या मुलांना आवडतो. तोच सगळ्यात त्रासदायक! त्या मखमलीत केसाएवढे बारीक आकड्यांचे काटे असतात, नुसता हात लागला तरी शेकड्यांनी अंगात शिरतात आणि दिसतही नाहीत. तो शाळेत नको आणि लहान मूल असलेल्या घरात नको. मोठे काटे असलेले झाड त्यापेक्षा कितीतरी सोज्वळ. दुसरे म्हणजे वर लाल किंवा पिवळा गोळा आणि खाली हिरवी दांडी असलेला निवडुंग. वरच्या गोळ्यात हरितद्रव्य नाही, म्हणून त्याचे ड्रॅगन फ्रूटच्या जातीच्या दांडीवर कलम केलेले असते. खालच्याने कमवायचे आणि वरच्याने खायचे. अशी जोडी बहुधा काही वर्षांतच संपते. कलम शिकवायला हवे तर एक आणा, हौसेला नको. आणि ज्या निवडुंगावर कागदासारखे कोरडे फूल आहे ते हलवून बघा. पुष्कळदा गोंदाने चिकटवलेले असते, आणि काढताना झाडाची साल निघते. मुलांसाठी फूल विकत घ्यायचे असेल तर कळी असलेले झाड घ्या आणि ते घरी उमलू द्या.

अपघात झालाच तर काय करायचे, हे शाळेच्या भिंतीवर लावून ठेवावे. काटा रुतला तर चिमट्याने काढून जागा साबणाने धुवावी. खोल गेला असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे. केसासारखे काटे लागले तर चोळू नये, चिकटपट्टी दाबून उचलावेत. चीक कातडीला लागला तर लगेच साबण आणि पाणी, आणि हात डोळ्यांकडे न्यायचा नाही. चीक डोळ्यात गेला तर वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि तडक डॉक्टरकडे जावे. दूध, तूप, गुलाबपाणी असले घरगुती उपाय तिथे नकोत. ज्या झाडाचा चीक लागला त्याचे नाव डॉक्टरांना सांगता आले तर उत्तमच. नावाच्या पट्टीचा हा दुसरा उपयोग.

आता त्या "ओढ्यात फेकला" या वाक्याकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त ते खटकते. निवडुंगाचा तुकडा मरत नाही. जिथे पडतो तिथे मूळ धरतो. फड्या निवडुंग आपल्या देशात असाच पसरला. लाल रंग देणारा कोचिनील किडा त्यावर वाढवायचा होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, १७९५ मध्ये, असा किडा ब्राझीलहून भारतात आणला गेला. तो निघाला भलत्याच जातीचा. रंग धड मिळाला नाही, पण निवडुंगाची एक जात मात्र त्याने देशाच्या बऱ्याच भागातून साफ केली. काही दुसऱ्या जाती उरल्या आणि त्यांनी पुढे रान व्यापले. ऑस्ट्रेलियात तर कहर झाला. तिथेही रंगाच्या आशेने नेलेल्या आणि कुंपणाला लावलेल्या निवडुंगाने पसरत पसरत सुमारे २ कोटी ४० लाख हेक्टर जमीन खाल्ली. शेवटी अर्जेंटिनातून एका पतंगाच्या अळ्या आणून १९२६ पासून सोडल्या, तेव्हा जमीन मोकळी झाली. बूनार्गा नावाच्या गावातल्या शेतकऱ्यांनी १९३६ मध्ये त्या पतंगाच्या नावाने सभागृह बांधले! किड्याच्या नावाचे सभागृह, हे ऐकून मुले हसतात, पण गोष्ट विसरत नाहीत. आपल्याकडे वेड्या बाभळीने गायराने कशी व्यापली हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलेच असते. तेव्हा घरात नको असलेले झाड ओढ्याला, बांधाला, गायरानात टाकू नका. कुणाला तरी द्या. कुणी घेत नसेल तर तुकडे करून कडक उन्हात पूर्ण वाळवा आणि मगच टाका.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. हौस वाढली की माणसे डोंगरावरून झाडे उपटून आणू लागतात. शेजारच्या जुन्नरचा शिवनेरी किल्ला मुले सहलीला बघतात. तिथल्या कड्यावर शिवसुमन नावाची मांसल खोडाची छोटी वनस्पती आढळते. ती महाराष्ट्राच्या सह्याद्रीपलीकडे जगात कुठेच नैसर्गिकरीत्या उगवत नाही. पावसात पाने, मग तारेसारखी तपकिरी-पिवळी फुले, आणि उन्हाळ्यात नुसते खोड. तिला काटे नाहीत. जिथे शेळीचे तोंड आणि माणसाचा हात पोचत नाही अशा कड्यांवरच ती मुख्यतः उरली आहे. काट्याचा उपयोग काय, असे मुलांनी विचारले तर मी हे उदाहरण देते. सहलीत असे काही दिसले तर फोटो काढू द्या, मुळासकट आणू देऊ नका. बागेसाठी फांदी हवी तर रोपवाटिकेतून किंवा कुणाच्या तरी बागेतून घ्या.

पालकांना आणखी एक सांगते. मुलाला कुंडी देताना लोक झेंडू किंवा गुलाब देतात. चार दिवस पाणी घालायला विसरले की झाड मान टाकते आणि मूल रडते, मग कुंडी आईकडे जाते. युफोर्बियाचे उलटे आहे. इथे विसरणे चालते, अति माया चालत नाही. रोज पाणी घालायचा मोह आवरून काडी खुपसून बघायची, आणि "आज नाही" असे स्वतःच ठरवायचे. चौथीच्या पुढच्या मुलाला हे जमते. वहीत तारीख, पाणी दिले की नाही, किती फुले, एवढी नोंद ठेवली तर वर्षभरात त्याच्याकडे स्वतःच्या अंगणाची माहिती जमा होते. ऊन वाढले की फुले वाढली का, थंडीत पाने गळली का, हे तो पुस्तक न उघडता सांगू शकतो. विज्ञान प्रदर्शनासाठी थर्माकोलचा ज्वालामुखी करण्यापेक्षा मला ही वही जास्त मोलाची वाटते.

रोपे विकत घ्यायची गरज नाही. गावात एखाद्याकडे मोठे झाड असतेच. फेब्रुवारी-मार्च हा फांद्या लावायला चांगला काळ, भर पावसाळ्यात लावू नयेत, कुजतात. काम मोठ्या माणसाने करायचे, हातमोजे आणि चष्मा घालून. बोटभर ते वीतभर लांबीची फांदी धारदार चाकूने कापा, कापलेले टोक पाण्यात धरा म्हणजे चीक थांबतो, झाडावरच्या जखमेवरही पाणी मारा. मग फांद्या चार-पाच दिवस सावलीत सुकू द्या. तोंड कोरडे झाले की वाळूच्या मिश्रणात दोन बोटे खोल लावा आणि आठवडाभर पाणी अगदी बेताचे द्या. सुकवायला ठेवाल तेव्हा उंच जागी, वर्तमानपत्रावर ठेवा आणि त्या कागदावर ठळक अक्षरात "चीक आहे, हात लावू नये" असे लिहा, नाहीतर घरातले कुणीतरी कचरा समजून उघड्या हातांनी उचलून टाकते.